हत्यारांना पाट, देवांना फ्रिज

पाण्याच्या दगडावर तेल ओतायचं नसतं. हे मला आता कळलं आहे, पण दगडाला त्याचा काही उपयोग नाही.

त्याचं असं झालं. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात गेले काही दिवस एक तांबडा भोपळा बसून आहे. मिक्सरच्या शेजारी, आल्यागेल्यावर लक्ष ठेवल्यासारखा. बायकोला त्याचे घारगे करायचे आहेत. आता अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, ती घरातल्या पुरुषानं लावायची, ही आमच्याकडची रीत. का, ते कुणी सांगत नाही. पुरुषाला स्वयंपाकघरात वर्षातून एकदा तरी काम मिळावं म्हणून कुणा कनवाळू बाईनंच ती काढली असावी. तर ही म्हणाली, "अहो, तेवढी सुरी लावून द्या." मी सुरी भोपळ्यावर ठेवली, दाबली. सुरी घसरून ओट्यावर आली. भोपळ्यावर ओरखडासुद्धा नाही. मी म्हटलं, "आधी धार लावायला हवी." ही म्हणाली, "लावा." इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पुढे मी मोबाइल हातात घेतला. धार लावायचा दगड कोणता घ्यावा, यावर जगात इतकी माणसं इतकं बोलत असतील याची मला कल्पना नव्हती. खरखरीत, मध्यम, बारीक. एका बाजूनं असा, दुसऱ्या बाजूनं तसा. रोज ऑफिसातून आलो की जेवण होईपर्यंत मी दगड बघायचो, आणि जेवण झालं की डोळे मिटायचे. शेवटी एक जपानी पद्धतीचा म्हणतात तसला दगड मागवला. चांगला साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. लहानपणी सुतार दगडावर तेल टाकताना पाहिलेलं होतं, म्हणून शिलाई मशीनची तेलाची बाटली आणली आणि ओतलं. दगड ते पिऊन गेला. मी आणखी ओतलं. तेही गेलं. मग खोक्यावर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचलं. फक्त पाणी.

ही मागे येऊन उभी होती. दगडाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि म्हणाली, "काका असते तर आज जेवले नसते."

काका म्हणजे आमचे पहिले घरमालक. लग्न झाल्यावर आम्ही कोथरूडला त्यांच्या छोट्या बंगल्यात खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा आसपास अजून मोकळे प्लॉट होते आणि रिक्षावाले तिकडे यायला तोंड वाकडं करायचे. वरच्या मजल्यावर काका आणि काकू. दोघंच. काका एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे तपासायचे, चुकेल तिथे लाल रेघ मारायची, आणि कागद खाली परत पाठवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. स्वतः मसुदा लिहायची वेळ त्यांच्यावर आली नाही, आणि सही वरचा साहेब करायचा.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी काकूंना शब्द दिला होता, की आता मी माझ्या हातानं तुला सागवानी देव्हारा करून देणार. लगोलग टिंबर मार्केटमधून फळ्या आल्या. जुन्या बाजारातून पटाश्या आल्या, म्हणजे सुताराच्या छिन्न्या. एक रंधा आला. पटाश्या बोथट निघाल्या. काका म्हणाले, "धार आधी, लाकूड मग."

आम्ही राहायला गेलो ते यानंतर बऱ्याच वर्षांनी. फळ्या दिवाणखान्याच्या दारामागे जुन्या चादरीत गुंडाळून उभ्या होत्या. नवीन माणसाला वाटायचं, तिथे कुणीतरी लपलंय.

आणि देव फ्रिजवर होते. एका स्टीलच्या ताटात गणपती, अन्नपूर्णा, शंकराची पिंड आणि रांगता बाळकृष्ण. तात्पुरते. काकूंनी ते दुसरीकडे कुठे नीट मांडू म्हटलं, की काका म्हणायचे, "आता कशाला हलवतेस? देव्हारा झाला की एकदमच हलवू." जुना फ्रिज होता. सुरू होताना अंग झटकायचा. त्यासरशी बाळकृष्ण जरासा पुढे सरकायचा, आणि काकू रोज सकाळी स्टुलावर चढून त्याला मागे घ्यायच्या. "फार खोडकर आहे," त्या म्हणायच्या. "पण जाईल कुठे? खाली पडेल एवढंच."

काकांची माझी पहिली खरी ओळख आवाजानं झाली. रविवारी दुपारी जेवून आडवा झालो, आणि डोक्यावर सुरू झालं, खर्र, खर्र, खर्र. थांबलं की वाटायचं संपलं. डोळा लागला की पुन्हा खर्र. वर जाऊन बघितलं तर काका कडाप्प्याच्या लादीवर ओली वाळू पसरून तिच्यावर एक दगड घासत बसले होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दगड सपाट करतोय. घासून घासून मध्ये खोलगट होतो. खोलगट दगडावर पटाशी वाकडी निघते."

"म्हणजे धार लावायच्या दगडालाच आधी घासायचं?"

"मग? तपासनिसाला कुणीतरी तपासायला नको?" काका म्हणाले. "अहो खालचे, उभे का? बसा, वाळू भिजवा."

मला ते शेवटपर्यंत 'खालचे' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, भाडेपावतीवर ते सुंदर अक्षरात लिहायचे. पण हाक मारताना 'अहो खालचे'. बायकोला मात्र सूनबाई. त्याचंही कारण होतं, आणि ते सांगायला पाहिजे.

काका एकदा आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बघायला आले. तेव्हा ही कप उपडा घालून त्याच्या बुडावर सुरी घासत होती. आमच्या लग्नात आलेल्या सेटमधला कप. त्याच्या बुडाशी ती खरखरीत कड असते ना, तिच्यावर. हिच्या माहेरी सगळ्या बायका तसंच करतात.

"काय करताय?" काकांनी विचारलं.

"सुरीला धार लावतेय."

"कशावर?"

"कपावर."

काका खुर्ची ओढून बसले. हिनं घाबरून विचारलं, "काका, पाणी देऊ?"

"द्या," काका म्हणाले. "त्या कपातून नको."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तो कप मागून घेतला. बुडाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. उजेडात धरला. नळ तसाच गळता ठेवून कप घेऊन वर गेले. दुसऱ्या दिवशी खाली आले ते हातात एक छोटा काळपट दगड घेऊन. "हा सुरीला वापरा," म्हणाले. "कप मी ठेवून घेतो. दगड म्हणून फार चांगला आहे. कप म्हणून वाया जात होता." त्या दिवसापासून ही सूनबाई झाली, आणि आमचा सेट मोडला. सेट मोडल्याचं ही मला अजून ऐकवते, जणू कप मी नेला होता.

काका स्वतः कुणाला धार लावून देत नसत. ते फक्त दगड सांगत. गल्लीतल्या बायका विळ्या आणि सुऱ्या घेऊन यायच्या, आणि काका डॉक्टरसारखे प्रश्न विचारायचे. पालेभाजी जास्त की फळभाजी? सुरी कोण वापरतं, तुम्ही की सून? सून डावरी आहे का? नारळ फोडायला सुरीची मूठ वापरता? खरं सांगा. मग बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानात कसला दगड मागायचा ते सांगायचे. विळीला खरखरीत, तोसुद्धा चार हात फक्त, जास्त लाड करायचे नाहीत. पुड्या आणि खोकी फोडायच्या चाकूला मध्यम, कारण पुठ्ठा धारेचा वैरी, बारीक दगडावरची मेहनत तो एका खोक्यात संपवतो. सगळ्यात गुळगुळीत दगड फक्त पटाशीला.

"पण सुरीलाही गुळगुळीत दगड लावला तर जास्तच धार येईल ना?" मी एकदा शहाणपणा केला.

"टोमॅटो कापून बघा. सालीवरून घसरेल," काका म्हणाले. "खरखरीत दगड धारेला बारीक दात ठेवतो, ते सालीत शिरतात. टोमॅटोला दात लागतात. लाकडाला आरसा लागतो. हे ज्याला कळलं त्यानं दगड घ्यावा. बाकीच्यांनी भाजी चिरून आणावी."

त्यांच्याबरोबर जुन्या बाजारात जायची पाळी माझ्यावर अनेकदा आली. रविवारी सकाळी. बाकीचं पुणं मिसळ खायला निघालेलं असायचं, आणि मी एक कापडी पिशवी, एक आरशाचा तुकडा आणि पाण्याची बाटली घेऊन बसमध्ये. काका पथारीपुढे उकिडवे बसत. दगड बोटाच्या पेरानं वाजवून बघत. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. मग पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात मुरतो ते बघायचं. मग आरशावर ठेवून डुगडुगतो का. मग डोळे मिटून गालावर फिरवायचा. एकदा पथारीवाला वैतागून म्हणाला, "काका, दगड घेताय का सून बघताय?"

"सून मी एका बैठकीत पसंत केली असती," काका म्हणाले आणि पुढच्या पथारीकडे वळले. त्यांना मूलबाळ नव्हतं. पथारीवाल्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि काकांनी ते अशा आवाजात म्हटलं की त्याला पुढेही कळलं नसेल.

धारेची परीक्षा हाताच्या केसांवर व्हायची. पटाशी हळूच फिरवायची, केस साफ उतरले तर पास. काकांचा डावा हात कोपरापर्यंत लहान मुलाच्या हातासारखा गुळगुळीत झालेला होता. एका दुपारी म्हणाले, "अहो खालचे, तुमचा हात द्या. माझं शेत कापून झालंय." मी दिला. नाही म्हणायचा मला मुळातच कंटाळा आहे. खाली आल्यावर हिनं वाढता वाढता विचारलं, "हाताला काय झालं?"

"पास झाला," मी म्हटलं.

खंडेनवमीला काकांच्या घरी बघण्यासारखा थाट असे. पाटावर पांढरं वस्त्र, त्यावर पटाश्या, रंधा, आणि पुढे सगळे दगड ओळीनं, खरखरीतपासून गुळगुळीतपर्यंत. सगळ्यात शेवटी एक छोटा पिवळसर दगड, लोण्यासारखा, त्याला काका 'शेवटचा हात' म्हणायचे. त्याच्या शेजारी आमचा कप उपडा. सगळ्यांना झेंडूचं एकेक फूल. काकू तबक घेऊन यायच्या, हळदकुंकू वाहायच्या, आणि दर वर्षी तेच वाक्य म्हणायच्या, "हत्यारांना पाट, देवांना फ्रिज." काका ऐकून घ्यायचे आणि दर वर्षी तेच उत्तर द्यायचे, "होतंय. धार होतच आलीये."

धार होत आलेली असतानाच काकू दर वर्षी भोपळा घेऊन आमच्याकडे खाली यायच्या. "जरा पहिली सुरी लावून द्या हो. आमच्या ह्यांची धार अजून झाली नाही." घरात पटाश्यांची रांग, आणि भोपळा भाडेकरूच्या सुरीनं फुटायचा. मी तो फोडायचो, आणि काकू पायऱ्या चढता चढता थांबून दम खायच्या.

मग गुडघे बिघडले. एका सकाळी बाळकृष्णाला मागे घेताना काकूंचा स्टुलावरून पाय घसरला. पडल्या नाहीत, फ्रिजला धरलं. पण डॉक्टरांनी स्टूल बंद केलं. काका म्हणाले, "त्यात काय, मी ताट खाली काढून देत जाईन." आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. पण सकाळी त्यांचे हात तेलात नाहीतर वाळूत असायचे. काकू आंघोळ करून सोवळ्यानं बसून राहायच्या. पूजेशिवाय त्या तोंडात काही घालत नसत. "आलो, एवढा एक हात झाला की आलो," असं म्हणता म्हणता कधीकधी दुपार व्हायची.

"तुम्ही बोला काकांशी," ही मला म्हणाली. "ते तुमचं ऐकतात."

ते माझं ऐकत नव्हते, मी त्यांचं ऐकत होतो. पण गेलो. देव्हाऱ्याचं ठाम बोलायचं असं जिन्यात घोकत गेलो. संध्याकाळी खाली आलो तेव्हा तळहाताला फोड आले होते आणि बोटांत वाळू.

"बोललात?"

"दगड सपाट झाला," मी म्हटलं.

तरी काहीतरी लागलं असावं. अक्षय्य तृतीयेला काकांनी जाहीर केलं की धार झाली. आज फळीला हात लावणार. आम्ही दोघं वर गेलो. काकूंनी नारळ ठेवला, नवी साडी नेसल्या होत्या. चादर सुटली. इतक्या वर्षांनी उजेडात आलेली फळी जरा ओशाळल्यासारखी दिसली. काकांनी ती टेबलाला आवळून धरली, रंधा ठेवला, डोळे मिटले आणि एकच हात मारला. रंध्यातून लाकडाचा लांबच लांब पापुद्रा निघाला, कांद्याच्या पातीसारखा पातळ, तुटला नाही. सागवानाचा वास घरभर झाला. काकांनी तो पापुद्रा दोन्ही हातांनी काकूंना दिला. काकूंनी उजेडात धरला.

"दिसतंय का पलीकडचं?" काकांनी विचारलं.

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"फ्रिज," काकू म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो, काकूही. काकांनी रंध्याचं पातं सोडवून डोळ्याजवळ नेलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. "गेली," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"धार. सागवानात वाळूचा अंश असतो. धार खातं ते." आणि ते दगडाकडे जाऊन बसले. नारळ तसाच राहिला. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो, मग काकूंनीच म्हटलं, "जा रे तुम्ही, दमला असाल." दमण्यासारखं आम्ही काही केलं नव्हतं, पण दमलो होतो खरे.

मी निघताना काका मान वर न करता म्हणाले, "अहो खालचे, दगडावर चुकलं तर पुन्हा घासता येतं. लाकडावर चुकलं की ते राहतं. जन्मभर लोक बघतात." संध्याकाळी फळी पुन्हा चादरीत गेली. पापुद्रा काकूंनी पोथीत खूण म्हणून घातला.

त्यानंतरच्या एका रविवारी काका एकटेच जुन्या बाजारात गेले होते. मी अंग दुखतंय म्हणून सुटलो होतो. काकूंनी वरून हाक मारली, "सूनबाई, जरा वर ये. त्यांनाही आण, दगड उचलायचेत."

काकूंनी खिडकीखाली टीपॉय ओढून ठेवला होता. सगळे दगड धुऊन पुसून घेतले होते. म्हणाल्या, "आज देवांना खाली आणायचं. ह्यांच्या दगडांवर मांडायचे. एकदा देव बसले की हे काही त्यांना उठवायचे नाहीत. दगडच हाताशी नसले, की बसतील झक मारत लाकडाला. धार आहे तेवढीच घेऊन."

मी म्हटलं, "काकू, काका रागावतील."

"रागावू देत. निदान काहीतरी करतील."

मी दगड उचलले, बायकांनी देव मांडले. गणपती एका दगडावर, अन्नपूर्णा दुसऱ्यावर, पिंड तिसऱ्यावर. 'शेवटचा हात' काकूंनी बाळकृष्णाला दिला. उन्हात देव फार छान दिसत होते. काकू टीपॉयपुढे खुर्चीवर बसल्या आणि कुणाचीही वाट न बघता त्यांनी पूजा केली. नैवेद्य दाखवला, आणि लगेच जेवायला बसल्या.

काका आले ते पिशवीत नवा दगड घेऊन. दारातच थांबले. टीपॉयकडे बघितलं. मग फ्रिजच्या रिकाम्या माथ्याकडे. माझी नजर आपोआप जिन्याकडे गेली.

"पूजा झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. नैवेद्यही झाला. आता उठवता येणार नाहीत."

काका चपला काढून हळूहळू जवळ गेले. गुडघ्यावर बसले. वाकून एकेक दगड बघितला, आणि म्हणाले, "अगं, अन्नपूर्णेला तेलाचा दगड दिलास. ओशट राहील ती कायम. तिला हा दे." आणि पिशवीतून नवा दगड काढून दिला. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. "पिंडीवर रोज पाणी घालतेस ना? मग हा भुसभुशीत नको, झिजेल. गणपतीला नुसतं पुसून घेतेस की आंघोळ घालतेस? खरं सांग." प्रत्येक देवाला त्यांनी दगड निवडून दिला. काकू हात धुऊन प्रत्येक मूर्ती उचलून देत होत्या. शेवटी बाळकृष्ण. त्याचा दगड काकांनी फक्त उलटा केला. "घासायची बाजू वर पाहिजे. याला गुळगुळीत जागा बरी. रांगतो."

एवढे खूश काका मी कधी बघितले नव्हते. आम्हाला वाटलं, जमलं. उद्या लाकूड.

उद्या काही झालं नाही. परवाही नाही. वरून खर्र खर्र बंद झालं, आणि रविवारी दुपारी आम्ही दोघं छताकडे बघत जागे पडून राहायला लागलो. काका गॅलरीत बसून राहायचे. हात मांडीवर. रस्त्यावरून कोण गेलं तरी मान वळायची नाही. फळ्यांची चादर त्यांनी सोडली नाही. एका दुपारी ते खाली आले, नळ गळतोय का म्हणून विचारलं. नव्हता. मग निघता निघता म्हणाले, "सूनबाई, त्यातला एखादा कप आहे का अजून?" हिनं कप धुऊन त्यांच्या हातात दिला.

काकूंनी त्यांना गॅलरीत कपाच्या बुडावर पटाशी घासताना बघितलं. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना म्हणाल्या, "गणपती हलतोय त्या दगडावर. काढून घ्या तो." गणपती हलत नव्हता. तो कसला हलतोय, अंगानं भरलेला होता. पुढच्या आठवड्यात पिंडीचा दगड "फार थंड लागतो" म्हणून परत गेला. मग अन्नपूर्णेचा. देव एकेक करून टीपॉयवरच्या साध्या वस्त्रावर आले.

ही त्यांना म्हणाली, "काकू, दगड परत दिलेत तर देव्हारा कधी होणार?"

"नाही होणार गं," काकू म्हणाल्या. त्या शेंगा सोलत होत्या. "मला काय कळत नाही? पण दुपारचं घर फार शांत वाटतं. आणि माणूस असा रिकामा बघवत नाही."

त्या रविवारी वर पुन्हा सुरू झालं. खर्र, खर्र, खर्र. ही म्हणाली, "लागले बघा कामाला." आणि कूस बदलून झोपली. मीही झोपलो.

बाळकृष्णाचा दगड मात्र काकांनी कधी मागितला नाही आणि काकूंनी कधी दिला नाही. कुणी देव्हाऱ्याचं विचारलं की काका समाधानानं सांगायचे, "बाकी सगळं झालंय. शेवटचा हात तेवढा देवाकडे अडकलाय." काकू समोर बसून फुलवाती वळत असायच्या.

आम्ही पुढे स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. निघताना काकांनी आम्हाला एक दगड दिला, खरखरीत, विटेएवढा. "टोमॅटोला बरा आहे," म्हणाले. आता दोघंही नाहीत. बंगल्याच्या जागी सोसायटी उभी आहे, आणि त्या फळ्या कुणी नेल्या, मला माहीत नाही. त्या बाजूला जायचा मला कंटाळा येतो. कंटाळा म्हणजे तोच, ज्याला सोयीचं म्हणून आपण कंटाळा म्हणतो.

हे सगळं आठवत मी तेलकट दगडापुढे बसलो होतो, आणि मग लक्षात आलं. काकांनी दिलेला दगड! तो कुठे गेला? कुठेच गेला नव्हता. बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावलेला होता, किती वर्षांपासून कोण जाणे. जगभरच्या दगडांची मी मोबाइलवर चौकशी करत होतो ते त्याच दाराशेजारी खुर्ची टाकून. मी उठलो, तो धुतला, नख फिरवून बघितलं. बोटाच्या पेरानं वाजवला. अजून खणखणीत. तो घेऊन मी मोठ्या उत्साहानं स्वयंपाकघरात गेलो. मागे बाल्कनीचं दार आपटलं.

ओट्यावर भोपळ्याच्या फोडी झालेल्या होत्या. अर्धा किसूनही झाला होता. गुळाचा वास येत होता.

"कुणी फोडला?" मी विचारलं.

"मी."

"अगं पण पहिली सुरी..."

"मीच लावली. धार कपावर केली." ती कीस पिळत होती, वर बघितलं नाही. "आणि तो तुमचा तेल प्यायलेला दगड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोणच्याच्या बरणीवर ठेवलाय. झाकण उडत होतं. आता तो परत मागायला येऊ नका. मी काही काकूंइतकी चांगली नाही."